चोर घरात शिरला, नेली मात्र गाडी

उंबरठा
गेल्या आठवड्यात आमच्याकडे चोरी झाली. आम्ही चौघंही घरातच झोपलेलो. सकाळी उठून बघतो तर बाहेरचं दार नुसतं लोटलेलं, दारामागच्या खुंटीवरून गाडीची चावी गायब आणि खाली गाडी नाही. बाकी काडीसुद्धा हललेली नाही. टेबलावर लॅपटॉप तसाच, खुर्चीवरच्या पँटच्या खिशात पाकीट तसंच.

कुलूप तुटलेलं नाही, दारावर ओरखडा नाही. त्याच्याकडे मास्टर की असणार असं सगळे म्हणताहेत. आता डिजिटल लॉक बसवावं, की कॅमेरे, की दोन्ही? आणि नवीन गाडी घ्यायची वेळ आलीच तर तिच्यासाठी काय करावं? अनुभवी लोकांनी सांगा. घरात सध्या कुणाला नीट झोप लागत नाहीये, त्यामुळे जरा लवकर सांगा.

आळशी_अजगर
बाप रे. पण कुणाला जाग आली नाही हेच बरं झालं. समोरासमोर आला असता तर गाडीवर भागलं नसतं.

फुकटसल्ला
सरळ चार कॅमेरे लावा. एक दारावर, एक जिन्यात, दोन पार्किंगमध्ये. विषय संपला.

रात्रपाळी
फुकटसल्ला, विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. मी बारा वर्षं रात्री पडद्यांसमोर बसून तेच बघतोय. कॅमेरा हा साक्षीदार आहे, राखणदार नाही. टोपी पुढे ओढलेला एक माणूस दार उघडून आत जातो आणि तीन मिनिटांनी बाहेर येतो, अशी सुंदर चित्रफीत तुम्हाला सकाळी बघायला मिळेल. पुढे?

मोबाइलवर येणाऱ्या सूचनांचीही गंमत सांगतो. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवे असतात. तिथे किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि बरोब्बर काचेसमोर जाळं विणतो. जाळं वाऱ्यानं हललं की 'हालचाल आढळली'. रात्रीत साठ वेळा फोन वाजतो, आठवड्याभरात माणूस सूचना बंद करतो, आणि मग चोर येतो. कॅमेरा असेल तर महिन्यातून एकदा काच फडक्यानं पुसा, एवढं जरी केलंत तरी पुष्कळ.

आणि मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच असेल तर चोर साक्षीदारालाच उचलून नेतो. रेकॉर्डिंग दुसरीकडे साठायला हवं.

फुकटसल्ला
म्हणजे लावूच नको?

रात्रपाळी
लावा की. पण दार आधी. वरातीमागून घोडं नको.

रंधा
सुतारकाम करतो, म्हणून विचारतो. उंबरठा, रात्री दाराला चावी फिरवली होती, की नुसतं ओढून घेतलं होतं?

उंबरठा
ओढून घेतलं की लॉक होतं ना ते. बाहेरून चावीशिवाय उघडत नाही.

रंधा
म्हणजे फिरवली नव्हती.

उंबरठा
नव्हती.

रंधा
मग मास्टर की वगैरे काही नाही. दार ओढल्यावर जी जीभ चौकटीत बसते, तिच्यामागे फक्त स्प्रिंग असते. तिला एका बाजूनं उतार असतो, म्हणून तर दार नुसतं ढकललं तरी ती आत जाऊन लागते. दार आत उघडणारं असेल तर तो उतार बाहेरच्या बाजूला येतो. दार आणि चौकट यांच्या फटीतून प्लास्टिकची पट्टी सरकवून त्या उतारावर दाबली की जीभ मागे जाते. आवाज नाही, ओरखडा नाही. चावी आत राहिली म्हणून लोक मला बोलावतात तेव्हा मीसुद्धा पहिल्यांदा तेच करून बघतो.

चावी फिरवल्यावर जो चौकोनी बोल्ट बाहेर येतो त्याला उतार नसतो आणि मागे स्प्रिंगही नसते, त्यामुळे तो दाबून मागे जात नाही. राखण तो करतो. जीभ फक्त वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून असते.

काही लॅचना जिभेशेजारी एक बारीक दांडा असतो. दार बंद झाल्यावर तो चौकटीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर दाबलेला राहायला हवा. दाबलेला असेल तर जीभ सरकत नाही. पण पट्टीचं भोक जरा मोठं पडलं, किंवा दार उतरलं, की जिभेबरोबर तो दांडाही भोकात जातो आणि उपयोग शून्य. लाकूड फुगतं, आकसतं. दोन पावसाळ्यांपूर्वी बरोबर बसलेलं दार आज बसेलच असं नाही.

आता एक काम करा. चौकटीवर जी पत्र्याची पट्टी असते तिचा एक स्क्रू काढा आणि लांबी मोजा.

कुलूपबंद
रंधा यांना +१००. हा प्रतिसाद छापून दाराला आतून चिकटवतो.

खुसपट
बाहेरून चिकटवू नका म्हणजे झालं.

पुराणवाचक
अवांतर आहे, पण राहवत नाही. लंडनमध्ये ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप मांडलेलं होतं. उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. साठ वर्षं कुणाला जमलं नाही. १८५१ च्या लंडनमधल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलपवाला आला. त्यानं आधी चब कंपनीचं गाजलेलं 'डिटेक्टर' कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवलं आणि मग ब्रामाच्या मागे लागला. १६ दिवसांत मिळून ५१ तास बसला, पण उघडलं. इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांत बरीच खळबळ झाली होती.

माझं म्हणणं एवढंच की भल्याभल्या कुलपाला तोडगा असतो. पण ५१ तास तुमच्या दारात बसायला कुठला चोर येतोय? त्याला तीन मिनिटांत निघायचं असतं.

खुसपट
आमच्या घरात ५१ तास कुणी दाराशी बसलं तर आमची मुलं त्याला पाणी विचारतील आणि वायफायचा पासवर्डही देतील.

मराठीप्रेमी_मुक्काम
धागा चांगला आहे, पण सगळे 'चावी' काय म्हणताहेत? आपला शब्द किल्ली.

पुराणवाचक
चावी पोर्तुगीज 'शावे'वरून आली. कित्येक पिढ्या राहिली, आता घरचीच झाली. तिला बाहेर काढायला दुसरी किल्ली लागेल.

मराठीप्रेमी_मुक्काम
बरं. पण घरात शिरलेल्या परक्यांवरच धागा आहे म्हणून म्हटलं :)

डबल_क्लच
गाडीबद्दल मी बोलतो. वाहनांचं इलेक्ट्रिकचं काम करतो.

चोर घरात शिरून चावीच का नेतो, ते आधी समजून घ्या. पूर्वी वायरी जोडून गाडी चालू करता यायची. मग इमोबिलायझर आला. चावीच्या मुठीत एक चिप असते. तिचा संकेत जुळला नाही तर इंजिन चालू होत नाही. युरोपात नव्या गाड्यांना तो १९९८ पासून सक्तीचा झाला. गाडी अवघड झाली म्हणून चोर चावीकडे वळला, आणि चावी कुठे असते? दारामागच्या खुंटीवर. जगभर तिथेच असते. हात लांब करून मिळते.

तुमची गाडी बटनाची, म्हणजे चावी खिशात असली की उघडणारी असेल, तर त्याला घरात शिरायचीही गरज नसते. एक जण यंत्र घेऊन तुमच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. गाडी हळू आवाजात विचारत असते, 'चावी जवळ आहे का?' ती हाक काही पावलांपर्यंतच पोचते. हे दोघं मिळून ती हाक दारापर्यंत पोचवतात. चावी आतून 'हो' म्हणते. गाडीला वाटतं मालक आला. संकेत फोडावा लागतच नाही, नुसता लांबवायचा. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवलं होतं. दहाच्या दहा उघडल्या. एकदा इंजिन चालू झालं की चावी लांब गेल्यावरही ते चालत राहतं, कारण चालत्या गाडीत ते बंद पडणं जास्त धोक्याचं.

त्यामुळे चावी दारापासून आणि रस्त्याकडच्या भिंतीपासून लांब ठेवा, आणि धातूच्या अस्तराच्या पिशवीत ठेवा.

कुलूपबंद
ती पिशवी म्हणजे निव्वळ फॅड आहे. मी घेतली होती, सहा महिन्यांत आतलं अस्तर घडीवर फाटलं आणि मला पत्ताही नाही. चावी पिशवीत घालून गाडीपाशी गेलो, हँडल ओढलं, गाडी उघडली! त्यापेक्षा स्टीअरिंगला लावायचा लोखंडी दांडा बरा. लांबून दिसतो तरी.

डबल_क्लच
फाटली हे कळलं कसं? हँडल ओढून बघितलंत म्हणूनच ना. तीच परीक्षा दर महिन्याला करायची. बऱ्याच गाड्यांत हे बिनचावीचं उघडणं बंद करण्याची सोयही असते, माहितीपुस्तकात बघा. काही नव्या चाव्या थोडा वेळ न हलवता ठेवल्या की आपोआप झोपतात. ते असेल तर पिशवीचीही गरज नाही.

दांड्याबद्दल तुमचं खरं आहे. तो कापता येतो, पण आवाज होतो आणि वेळ जातो. आता तर पुढच्या दिव्यामागच्या वायरींतून गाडीच्या आतल्या जाळ्यात खोटे संदेश घालून गाडी उघडायची पद्धतही निघाली आहे. २०२३ मध्ये तिचा बराच बोभाटा झाला. तिथे पिशवी काय करणार? दांडा मात्र तिथेही आडवा येतो. दोन्ही ठेवा, भांडण कशाला.

आळशी_अजगर
रिमोटनं लॉक केलं की मी वळूनही बघत नाही. पुरतं ना?

डबल_क्लच
नाही पुरत. कुणी जवळपास जॅमर लावून बसलं असेल तर तुमचा रिमोट गाडीपर्यंत पोचतच नाही. दिवे लुकलुकले का ते बघा आणि हँडल एकदा ओढा. दोन सेकंदांचं काम आहे, अजगर असलात तरी.

तिसरी_घंटा
आमचं उलटं झालं होतं. उंबरठांकडे चोर घरातून गाडीकडे गेला, आमच्याकडे गाडीतून घराकडे आला.

आम्ही नाटकाला गेलो होतो. मध्यंतरात यांना फोन आला की पार्किंगमधल्या एका गाडीची काच फुटली आहे. जाऊन बघितलं तर आमचीच. सीटवर फक्त रिकामी पिशवी होती, पण बाहेरून ती भरलेली वाटत असणार. आम्ही म्हटलं चला, काच गेली, पिशवी गेली. दुसरा अंक बघायला परत आत जाऊन बसलो!

घरी आलो तर गॅरेज सताड उघडं. गाडीत काय काय होतं ते तेव्हा एकेक करून आठवलं. वरच्या झडपेला अडकवलेला गॅरेजचा रिमोट. कप्प्यात पत्त्यासकट गाडीची कागदपत्रं. नेव्हिगेशनमध्ये 'घर' नावाचं बटन. आणि आम्ही तीन तास घरी येणार नाही हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत. गॅरेजमधून घरात जायचं आतलं दार आम्ही कधीच लावत नसू.

तेव्हापासून रिमोट माझ्या पर्समध्ये, आणि 'घर' म्हणून चौकातलं पेट्रोल पंप टाकून ठेवलंय. तिथून पुढे आपल्याला रस्ता माहीत असतो की. दुसरा अंक कसा होता ते अजून यांना आठवत नाही.

खुसपट
तिसरी_घंटा, दंडवत. आयडी मात्र समर्पक.

सावधान_इंडिकेटर
मी तर आतून कुलूप घालतो आणि चावी काढून कपाटात ठेवतो. चोर शिरला तरी दारातून सामान नेणार कसा?

बंबवाला
हे कृपया करू नका. आगीच्या गाडीवर नोकरी केली आहे. रात्री धूर भरला की दिवे असून नसल्यासारखे होतात, माणूस गुडघ्यांवर दारापर्यंत येतो आणि तिथे चावी नसते. पुढचं लिहीत नाही.

आतून चावीशिवाय, नुसतं बटन फिरवून उघडेल असाच बोल्ट हवा. दारात काच असेल आणि ती फोडून कुणी हात घालेल ही भीती असेल, तर काच बदला किंवा तिला चिकट फिल्म लावा. खिडक्यांच्या जाळ्यांचंही तेच, एक तरी आतून उघडणारी हवी.

सावधान_इंडिकेटर
पण चोर रोज येऊ शकतो, आग काय रोज लागते?

बंबवाला
चोर सामान नेतो.

रंधा
बंबवालांशी सहमत. मी आतून चावी लागणारं कुलूप बसवतच नाही, गिऱ्हाईक कितीही हटून बसलं तरी.

सावधान_इंडिकेटर
बरं बाबा. बदलतो.

कुत्रेवाला_काका
एवढी चर्चा झाली आणि कुत्र्याचं नाव नाही? आमचा मोती असताना कुणाची हिंमत नाही.

तिसरी_घंटा
काका, मागे त्याच मोतीनं कुरिअरवाल्याला दारापासून सोफ्यापर्यंत शेपूट हलवत नेल्याचा किस्सा तुम्हीच लिहिला होता.

कुत्रेवाला_काका
माणसं ओळखतो तो.

रात्रपाळी
काका, मोती कसाही असो, भुंकतो ना? मग पुरे. चोराला आवाज नको असतो. आता सेन्सरच्या दिव्याबद्दल. शरीराच्या उष्णतेतला बदल टिपणारा सेन्सर खिडकीच्या काचेआडून काम करत नाही, काच ती उष्णता अडवते. त्यामुळे तो आत लावून बाहेरच्या माणसाची वाट बघू नका. आणि माणूस सरळ त्याच्याकडे चालत येतो तेव्हा त्याला उशिरा कळतं, आडवा गेला तर लगेच. म्हणून तो वाटेला आडवा लावायचा.

उंबरठा
दोन गोष्टी सांगायला आलोय.

रंधा, स्क्रू काढला. काढला म्हणजे काय, पेचकस लावून अर्धा वेढा फिरवला आणि हातातच आला. माझ्या नखापेक्षा थोडा मोठा. चौकटीत लाकडाचा भुगा. दुसराही तसाच. म्हणजे त्या रात्री चावी फिरवली असती तरी एका लाथेत काम झालं असतं. बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, 'आपण सहा वर्षं या दोन टाचण्यांच्या भरवशावर झोपत होतो.'

दुसरी गोष्ट, गाडी सापडली!! तीन गल्ल्या सोडून, एका बंद दुकानासमोर. नीट लावलेली, लॉक केलेली, ओरखडासुद्धा नाही. शेजारच्यांनी नंबर ओळखला. मी दुसरी चावी घेऊन आत्ता इथेच उभा आहे. घेऊन जाऊ ना घरी?

डबल_क्लच
थांबा! आधी पोलिसांना फोन करा, तुमची तक्रार नोंदलेली आहे. ते येईपर्यंत कशाला हात लावू नका. त्यांना ठसे घ्यायचे असतील, आणि चोरीची म्हणून नोंद असलेली गाडी तुम्हीच चालवताना सापडलात तर वेगळीच कटकट.

ती तिथे विसरून ठेवलेली नाही. चोरलेली गाडी काही दिवस अशी शांत रस्त्यावर उभी करतात. गाडीत ट्रॅकर असेल तर मालक किंवा पोलीस येतील, कुणी आलं नाही तर गाडी 'स्वच्छ' आहे असं समजून पुढे न्यायची. आणि तुमची पहिली चावी अजून त्याच्याकडे आहे. आज गाडी घरी नेऊन लावलीत तर उद्या रात्री तो पुन्हा नेईल, या वेळी दारही उघडावं लागणार नाही.

पोलिसांचं झालं की तिथून सरळ सर्व्हिस सेंटर. गाडीच्या स्मरणातून हरवलेली चावी पुसून टाकता येते. जाताना दोन्ही... म्हणजे तुमच्याकडे उरलेली चावी न्या. स्कॅनर लावून समोर असलेली चावी तेवढी ठेवतात आणि बाकीच्या रद्द करतात. मग जुन्या चावीनं इंजिन चालू होणार नाही. पण तिचं पातं गाडीच्या दाराच्या कुलपात अजूनही फिरेल, म्हणून ते कुलूपही बदला. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर पुढे ते दोन्ही चाव्या मागतील.

रंधा
आणि त्या खुंटीवर घराची चावीही होती का?

उंबरठा
...होती. एकाच कडीत.

रंधा
मग आजच सिलिंडर बदला. पूर्ण कुलूप नको, फक्त सिलिंडर, म्हणजे ज्यात चावी फिरते तो भाग. दाराच्या कडेवरच्या पट्टीतला एक लांब स्क्रू काढला की तो बाहेर येतो. नवीन घेताना आधीच्याची लांबी मधल्या भोकापासून दोन्हीकडे मोजून न्या. बाहेरच्या बाजूला तो दाराच्या पट्टीबाहेर डोकावता कामा नये. मधल्या भोकापाशी तो सर्वांत नाजूक असतो, बाहेर आलेलं टोक पकडीत धरून वाकवलं की तिथेच तुटतो. चौकटीवरच्या पट्टीला ७५ मिलिमीटरचे स्क्रू, चौकटीतून पार मागच्या भिंतीत. डिजिटल लॉक त्यानंतर हवं तर घ्या. नखाएवढ्या स्क्रूंवर ते बसवलंत तर लाथ तीच.

उंबरठा
पोलीस आले. बाकी रात्री लिहितो.

उंबरठा
रात्रीचे साडेअकरा. गाडी सर्व्हिस सेंटरमध्येच ठेवली, चावी उद्या रद्द होईल. सिलिंडर बदलला. लांब स्क्रू मीच मारले, आधी बारीक भोक पाडून, तरी तळहाताला फोड आलाच. आत्ता चावी दोनदा फिरवली आणि बोल्ट आत गेल्याचा आवाज ऐकायला सगळे दारापाशी जमले होते. खुंटी काढून टाकली.

आळशी_अजगर
मी पण उठून फिरवून आलो. खरंच.

नवागत_२१
धागा छान आहे. सगळा वाचला नाही. सर्वांत चांगलं डिजिटल लॉक कुठलं?

खुसपट
रंधा, धरा ह्याला.

रंधा
नवागत, एक पेचकस घ्या आणि तुमच्या चौकटीचा एक स्क्रू काढून लांबी मोजा. मग बोलू.